मदत हवी आहे: बारीक मनगट, रोजचा वापर आणि मॅरेथॉन. कोणतं जीपीएस घड्याळ घ्यावं?

नमस्कार मंडळी,

सध्याच्या घड्याळाची बॅटरी रविवारच्या लाँग रनलाही पुरेनाशी झालीय, म्हणून नवीन घ्यायचंय. बजेट एक लाखाच्या आत, कमीत भागलं तर उत्तमच. एकदाच काय ते चांगलं घ्यायचं आणि मग पाच-सहा वर्षं या विषयाकडे बघायचं नाही, असा बेत आहे.

आधी माझ्याबद्दल थोडं, म्हणजे सल्ला द्यायला सोपं जाईल. राहते पुण्यात, कोथरूडला. आठवड्याचे दिवस वेताळ टेकडी किंवा लॉ कॉलेज रोड, रविवारी एनडीएच्या बाजूला लांब पल्ला. सप्टेंबरात सातारा हिल हाफ मॅरेथॉन, जानेवारीत मुंबईची फुल. पावसाळ्यात अधूनमधून ट्रेक. फोन अँड्रॉइड आहे आणि बदलायचा नाही. नोकरी कॉलेजात शिकवण्याची, त्यामुळे घड्याळ कुर्त्यावर आणि कधीमधी साडीवरही दिसायला बरं हवं. आणि मुख्य अडचण: मनगटाचा घेर जेमतेम साडेचौदा सेंटिमीटर.

पळण्यासाठी एक आणि मिरवायला दुसरं असं करायचं नाहीये. चोवीस तास हातावर राहील असं एकच हवं. याला कारण आहे. हल्ली ही घड्याळं 'आज जोरात पळ' किंवा 'आज आराम कर' असं जे सांगतात, ते बरंचसं रात्रीच्या झोपेतल्या आकड्यांवर बेतलेलं असतं. गार्मिनच्या एचआरव्ही स्टेटसला (हृदयाच्या ठोक्यांमधल्या वेळेच्या फरकावरून शरीर किती सावरलंय ते सांगणारी सोय) तर तुमची नेहमीची पातळी कळायलाच साधारण तीन आठवडे रोज रात्री घड्याळ घालून झोपावं लागतं. कुशीवर वळताना टोचलं, की झोपेत आपण ते काढून उशाखाली सरकवणार, आणि मग ज्याचे जास्तीचे पैसे मोजले तेच वाया. परीक्षणांत सॅटेलाइट आणि सेन्सरवर पानंच्या पानं असतात, झोपताना कसं वाटतं यावर एखादी ओळ.

आतापर्यंत केलेला अभ्यास असा:

गार्मिन फेनिक्स ८ सगळ्यांच्या तोंडी आहे. दुकानात जाऊन ४७ मिलिमीटरचं हातावर चढवून पाहिलं. स्टीलचं ८० ग्रॅम, टायटॅनियमचं ७३. वजनाचं सोडा, पट्टा जिथे जोडतात ती दोन्ही टोकं माझ्या मनगटाच्या कडेबाहेर गेली. पट्टा आवळला तरी एका बाजूने खालून उजेड दिसत होता. मागचा सेन्सर हिरवा प्रकाश टाकून नाडी मोजतो, तिथे फट राहिली तर तो काय मोजणार? याचंच ४३ मिलिमीटरचं भावंड मात्र हातावर छान बसतं आणि त्यात नकाशे, टॉर्च सगळं आहे. पण बॅटरी कंपनीच्याच आकड्यानुसार १० दिवस, आणि स्क्रीन सतत चालू ठेवली तर ४. किंमतही बजेटच्या काठावर.

फोररनर ९६५ (२०२३ चं) हा दुसरा उमेदवार. व्यास ४७ मिलिमीटरच, पण वजन ५३ ग्रॅम. अंग प्लॅस्टिकचं, वरची कडा टायटॅनियमची. नकाशे आहेत, बॅटरी २३ दिवस. प्लॅस्टिक म्हटल्यावर दुकानदाराने थोडं नाक मुरडलं, मला उलट तेच आवडलं. २०२५ मध्ये आलेल्या ९७० मध्ये सफायर काच, टॉर्च आणि स्पीकर आहे, पण बॅटरी १५ दिवसांवर आलीय. आणि तेही ४७ मध्येच येतं. बारीक मनगटाची माणसं एवढी कमी पळतात का हो?

फोररनर २६५एस: ४२ मिलिमीटर, ३९ ग्रॅम. हातावर घातलं आणि दोन मिनिटांत विसरले. पण नकाशे नाहीत, आखलेल्या वाटेची नुसती रेघ दिसते.

सुंटो रेस एस मधल्या मापाचं वाटतंय: ४५ मिलिमीटर, ६० ग्रॅम, नकाशांसकट. प्रत्यक्ष बघायला मिळालेलं नाही. कोरोस पेस ३ नायलॉनच्या पट्ट्यासकट ३० ग्रॅम भरतं आणि बाकीच्यांपेक्षा बरंच स्वस्त आहे. 'हाय-एंड' म्हणून शोधायला निघाले होते, तरी मन तिकडे ओढ घेतंय. ॲपल वॉच अल्ट्रा २ बहिणीकडे आहे, दिसायला देखणं, पण ४९ मिलिमीटर, आयफोनशिवाय चालत नाही आणि ३६ तासांची बॅटरी. तो विषय तिथेच संपला.

स्क्रीनबद्दल एक विचारायचंय. जुन्या पद्धतीची एमआयपी स्क्रीन भर उन्हात बॅकलाइटशिवाय स्वच्छ दिसते, हे सगळे सांगतात. पण आपण पळतो कधी? पावणेपाचला घर सोडतो, परत येईतो जेमतेम कोवळं ऊन. माझं पळणं निम्म्याहून जास्त अंधारात, तिथे स्वतः उजळणारी ॲमोलेड स्क्रीनच बरी ना? की माझं काही चुकतंय?

घरातल्या वापराची एक गंमत: पोळ्या लाटताना आत्ताचं घड्याळ धडाधड पावलं मोजतं. वीसेक पोळ्यांत बऱ्यापैकी 'चालणं' होतं. महागड्या घड्याळांना एवढं तरी कळतं का? दुसरी गोष्ट गमतीची नाही: पावसाळ्यात सिलिकॉनच्या पट्ट्याखाली घाम साचून पुरळ उठतं. चोवीस तास घालणारे त्यावर काय करतात?

तर विचारायचंय ते एवढंच. नकाशे खरोखर वापरले जातात की विकत घेतानाच आकर्षक वाटतात? ४७ मिलिमीटरचं घड्याळ बारीक मनगटावर नाडी नीट मोजतं का? आणि टॉर्चचं कौतुक खरं आहे की नुसती हौस? वापरणाऱ्यांचा अनुभव हवा, पेटीवरचं वाचून झालंय.

*

चढउतार:

ताई, नाडीचं आधी सांगतो. मनगटावरचा सेन्सर कुठल्याही कंपनीचा घ्या, इंटरव्हल (थोडं जोरात, थोडं हळू असं आलटूनपालटून पळणं) करताना आणि घाटात कधी ना कधी गंडतोच. सगळ्यात फसवी गत म्हणजे तो नाडीऐवजी पावलांची लय पकडतो. तुम्ही आरामात पळताय आणि घड्याळ १७५ दाखवतंय, असं झालं की समजायचं ही तुमची केडन्स आहे. ४७ चं घड्याळ बारीक हातावर हललं की हे जास्त होतं. उपाय सोपा: पळताना हाडाच्या वर दोन बोटं सरकवून घट्ट बांधा, बाकी दिवसभर सैल. आणि छातीचा पट्टा घ्या. पोलर एच१० ब्लूटूथवर चालतो, तुमच्या यादीतल्या कुठल्याही घड्याळाला जोडता येतो. घालण्याआधी आतली बाजू पाण्याने ओली करायची, नाहीतर पहिला किलोमीटर काहीच्या काही आकडे देतो. घड्याळाच्या बजेटमधून तेवढे पैसे बाजूला काढाच.

पुरळाचं म्हणाल तर नायलॉनचे वेल्क्रोवाले दोन पट्टे ठेवा. एक धुवून वाळत, एक हातावर. पळून आल्यावर घड्याळही नळाखाली धरा आणि अर्धा तास हात मोकळा ठेवा, तेवढ्याने एचआरव्हीचं काही बिघडत नाही.

*

लोअर_परळ:

मुंबईची फुल करणार आहात म्हणून लिहितो. ड्युअल फ्रीक्वेन्सी असलेलंच घ्या. उंच इमारतींवर आपटून उशिरा आलेला सिग्नल घड्याळाला चकवतो, म्हणून पेडर रोडवर जुनी घड्याळं तुम्हाला इमारतींच्या आतून पळवतात. एल१ या नेहमीच्या फ्रीक्वेन्सीच्या जोडीला एल५ ही दुसरी असली की असे परावर्तित सिग्नल बरेच ओळखू येतात. लॉ कॉलेज रोडच्या झाडीतही फरक पडेल. तुमच्या यादीतल्या सगळ्यांत हे आहे, निश्चिंत असा. बॅटरी जास्त जाते: ९६५ नुसत्या जीपीएसवर ३१ तास चालतं, सगळं चालू ठेवलं की १९. तुम्ही काही १९ तास पळणार नाही, तेव्हा शर्यतीत बिनधास्त चालू ठेवा.

आणखी एक. कितीही महाग घ्या, शर्यतीच्या शेवटी ते ४२.१९५ दाखवणार नाही, थोडं जास्तच दाखवेल. मार्ग मोजतात तो सगळ्यात जवळच्या रेषेने, वळणांवर कडेपासून ३० सेंटिमीटरवरून. आपण गर्दीतून, पाण्याच्या टेबलांकडे वळत नागमोडी पळतो. त्यामुळे घड्याळावरच्या सरासरी पेसवर विसंबून वेळ काढलात तर शेवटी मिनिट-दोन मिनिटं कमी पडतात. ऑटो लॅप (घड्याळाने दर किलोमीटरला आपोआप वेळ नोंदवणं) बंद करा आणि रस्त्यावरच्या किलोमीटरच्या पाट्यांना बटण दाबा. म्हणूनच नुसत्या टचस्क्रीनपेक्षा बटणं असलेलं घड्याळ हवं, घामेजल्या बोटाने स्क्रीन ऐकत नाही.

*

घाटवाट:

नकाशे शहरात कोणी बघत नाही. सह्याद्रीत, धुक्यात, कात्रज-सिंहगड रात्री करताना मात्र मनगटावर वाट दिसणं हा मोठा आधार असतो. पाऊस असताना फोन काढायचा, पुसायचा, ओल्या बोटाने नकाशा मोठा करायचा हे ज्याने केलंय त्याला विचारा. तरी प्रामाणिकपणे सांगतो, जीपीएक्स फाइल (आखलेल्या वाटेची फाइल) आधी चढवली असेल तर नुसती रेघही पुष्कळ असते. रेघ सुटली की घड्याळ थरथरतं, आपण मागे फिरतो. नकाशा लागतो तो वाट बदलायची वेळ आली तर. वर्षातून दोन-चार ट्रेक, तेही ग्रुपबरोबर असतील तर २६५एस वर भागेल.

टॉर्च मात्र हौस नाही! तुम्ही पावणेपाचला टेकडीवर जाता, मग तुम्हालाच सगळ्यात जास्त उपयोग. डोक्यावरच्या हेडलॅम्पची जागा घेत नाही, पण बुटाची नाडी बांधायला, समोरून येणाऱ्या गाडीला दिसायला आणि रात्री घरचे झोपलेले असताना पाणी प्यायला उठलात तर सोन्यासारखी.

*

बेकरीवाला:

पोळ्यांची पावलं कुठल्याच घड्याळाला कळत नाहीत, लाखाचं असलं तरी. लाटणं उजव्या हाताने, घड्याळ डाव्या, तरी दोन्ही हात हलतातच. मी तर म्हणतो मोजू द्या, कष्ट आहेतच ते.

*

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. बेकरीवाले, तुमचा मुद्दा घरात वाचून दाखवलाय.

फेनिक्स ८ यादीतून काढलं. ४३ च्या किमतीत ९६५ आणि छातीचा पट्टा दोन्ही येऊन वर पैसे उरतात, आणि बॅटरी दुपटीहून जास्त. टॉर्चसाठी ९७० चा मोह होतोय, पण चार्जिंगचा कंटाळा त्याहून मोठा आहे. टेकडीवर हेडलॅम्प असतोच. घाटवाट यांच्या म्हणण्याप्रमाणे माझे ट्रेक ग्रुपबरोबरच असतात, त्यामुळे खरी लढत आता ९६५ आणि २६५एस मध्ये. एकीकडे नकाशे आणि मोठी स्क्रीन (चाळिशी लागलीय, चष्म्याशिवाय पळते, तेव्हा आकडे मोठे दिसणं हाही मुद्दा आहेच), दुसरीकडे ते हातावर विसरून जाणं. सुंटो कुठे हाताळायला मिळालं तर तिसरंही शर्यतीत येईल.

शनिवारी पुन्हा दुकानात जाऊन ९६५ घालून हात दुमडून बघणार आहे, उशीवर डोकं ठेवल्यासारखा. दुकानदार काय म्हणायचं ते म्हणो. तोवर पंधरा सेंटिमीटरच्या आतलं मनगट असलेल्या कुणी ९६५ घालून रोज झोपत असेल, तर इथे किंवा विपूत (माझ्या विचारपुशीत) जरूर कळवा. पुण्यात सुंटोची सर्व्हिस कुठे होते, तेही कुणाला माहीत असल्यास सांगा.