मदत हवी आहे: माझं प्रथिन साखरेला धरतंय की नुसतंच तळाशी बसतंय?

नमस्कार मंडळी,

मी नागपूरला एमएस्सी सूक्ष्मजीवशास्त्राच्या शेवटच्या सेमिस्टरला आहे. प्रकल्प बॅसिलस सबटिलिस या जिवाणूच्या बीजाणूंवर आहे. तीन आठवडे एकाच जागी अडकले आहे आणि जूनमध्ये प्रबंध द्यायचा आहे. जाणकारांनी कृपया वेळ काढून वाचावं.

या जिवाणूची उपासमार झाली की पेशीच्या एका टोकाला छोटी पेशी तयार होते. मोठी पेशी, म्हणजे मदर सेल, तिला पोटात घेते आणि तिच्याभोवती थर चढवायला लागते. आत पेप्टिडोग्लायकनचा (जिवाणूची भिंत ज्याची बनते त्या साखर-पेप्टाइडच्या जाळ्याचा) जाड थर, त्याला कॉर्टेक्स म्हणतात. बाहेर सत्तरेक प्रथिनांचा कोट. सॅफ-ए हे आतल्या कोटाच्या उभारणीतलं मुख्य प्रथिन. त्याच्या सुरुवातीच्याच टोकाला लाइसएम नावाचा जेमतेम पन्नास अमिनो आम्लांचा भाग असतो, आणि तो पेप्टिडोग्लायकनमधल्या एन-अॅसिटिलग्लुकोसामीन या साखरेला धरतो. हे धरणं स्वतःच्या हाताने दाखवायचं, एवढाच माझा प्रकल्प.

लाइसएमचा तुकडा हिस्टिडिनची शेपटी लावून ई. कोलायमध्ये तयार केला, निकेलच्या कॉलमवर शुद्ध केला. बॅसिलसच्या पेशी एसडीएसमध्ये (साबणासारखं रसायन) उकळून पेप्टिडोग्लायकन काढलं. दोन्ही अर्धा तास बर्फावर एकत्र ठेवले, आमच्या छोट्या सेंट्रीफ्यूजमध्ये (त्याला कूलिंग नाही) १३ हजार आरपीएमला १५ मिनिटं फिरवलं, आणि वरचं पाणी नि तळाचा गाळ प्रथिनं वेगळी करून पट्ट्यांच्या (बँड) रूपात दाखवणाऱ्या जेलवर शेजारी शेजारी चालवले. पेप्टिडोग्लायकन विरघळत नाही, तळाशी बसतं. प्रथिनाने त्याला धरलं असेल तर तेही सोबत खाली यायला हवं. गाळाच्या लेनमध्ये ठसठशीत बँड दिसला तेव्हा मी तिथूनच आईला फोन केला होता.

मग मॅडमनी विचारलं, पेप्टिडोग्लायकन न घातलेली ट्यूब कुठे आहे? ती केली. त्यातही बँड तळालाच. उजेडात धरलं तर ट्यूबच्या टोकाला तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका.

दुसरी शंका डोक्यातून जात नाही. कॉर्टेक्स छोट्या पेशीभोवतीच्या दोन पटलांच्या (मेम्ब्रेन) मध्ये बनतो आणि कोट बाहेरच्या पटलाच्या बाहेर, मदर सेलच्या बाजूला. मग मदर सेलमध्ये तयार होणाऱ्या प्रथिनाला साखर धरणारा भाग कशासाठी? मध्ये पटल असताना त्याचा हात साखरेपर्यंत पोचतो कसा?

प्रतिसाद

ताई, बफरमध्ये ग्लिसरॉल आहे का? आणि पीएच किती ठेवलाय? प्रथिनाच्या समविद्युत बिंदूजवळ (ज्या पीएचला त्याचा एकूण भार शून्य होतो) पीएच असेल तर ते आपोआप गोळा होतं.

प्रतिसाद

तुमचं उत्तर तुमच्याच कंसात आहे. नागपूरचा मे महिना, कूलिंग नसलेलं सेंट्रीफ्यूज, वर रोटरची स्वतःची उष्णता. बर्फावरून काढलेली ट्यूब १५ मिनिटांनी हाताला कोमट लागत असणार. नाजूक प्रथिन तेवढ्यात गुठळी धरतं. कूलिंगचं मशीन कुठल्या तरी विभागात नक्की असेल, ते मागून घ्या. आणि पेप्टिडोग्लायकन घालायच्या आधी नुसतं प्रथिन एकदा ४ अंशांवर फिरवा. खाली बसेल ते टाकून द्या, वरचं स्वच्छ तेवढंच वापरा.

एवढ्याने भागणार नाही. बॅसिलसच्या भिंतीत टायकोइक आम्ल असतं, त्यावर ऋण भार असतो. तुमचा तुकडा धन भाराचा असेल तर तो साखरेशी देणंघेणं नसताना नुसत्या भारामुळे चिकटेल. बफरमधलं मीठ ३०० मिलिमोलरपर्यंत वाढवून बघा, भारामुळे चिकटलेलं त्याने सुटतं. ई. कोलायच्या भिंतीत टायकोइक आम्ल नसतंच, म्हणून तिचं पेप्टिडोग्लायकन वापरलं तर हा संशय मुळातच राहत नाही. फक्त ट्रिप्सिन (प्रथिनं तोडणारं विकर) लावून त्यावरचं लिपोप्रोटीन काढा. एक ट्यूब बीएसएची (साखरेला न धरणारं साधं प्रथिन) ठेवा, ते वरच राहायला हवं. आणि एसडीएस धुताना कंटाळा करू नका. जरा जरी उरलं तरी प्रथिनाची घडी मोडते, मग दिसेल ते सगळं खोटं.

पटलाबद्दलची शंका अगदी नेमकी आहे. पटलाच्या बाहेरून धरायला काय मिळतं, तर लिपिड-दोन, म्हणजे पेप्टिडोग्लायकनची कच्ची वीट. ती मदर सेलच्याच बाजूला, पटलात रुतून तयार होते आणि मग आत उलटते. स्पो-सिक्स-डी या दुसऱ्या कोट प्रथिनाच्या शेवटच्या टोकाला असाच लाइसएम आहे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या कामात दिसलं की तो लिपिड-दोनला धरतो. त्या संशोधकांचं म्हणणं असं, की कोटाचा पाया नीट बसला नाही तर हा लाइसएम उघडा पडतो, विटा अडवून ठेवतो आणि कॉर्टेक्सचं काम थांबतं. सॅफ-एचं लाइसएम आधी स्पो-सिक्स-डीला धरतं आणि नंतर कॉर्टेक्सच्या पेप्टिडोग्लायकनला. एकाच भागाची दोन कामं, वेगवेगळ्या वेळी. मला स्वतःला या सगळ्या विषयातली ही सर्वात सुंदर गोष्ट वाटते. प्रबंधात यावर एक पान खर्च करा.

धागाकर्तीचा प्रतिसाद, पाच दिवसांनी

दादा, खूप खूप आभार. पीएच आणि ग्लिसरॉलबद्दल विचारणाऱ्यांचेही; ग्लिसरॉल नव्हतं, आता १० टक्के घातलंय.

बायोकेमिस्ट्रीवाल्यांनी सकाळी सात ते नऊ मशीन दिलं. ४ अंशांवर नुसत्या प्रथिनाची ट्यूब स्वच्छ आली, ठिपका नाही, सगळा बँड वरच्या लेनमध्ये. पेप्टिडोग्लायकन घातलेल्या ट्यूबमध्ये बँड खाली. बीएसए वरच. पण मीठ ३०० केल्यावर खालचा बँड निम्म्याने फिका झाला, म्हणजे निदान काही चिकटणं भाराचंच होतं. उरलेलं साखरेचं आहे असं आत्ताच लिहिणार नाही. काल ई. कोलायचा दोन लिटर कल्चर लावला, आज उकळून धुवायला घेतलाय. पाचवं धुणं चालू आहे, ट्यूब हलवली की अजून फेस येतोय.