सेकंडहँड, मोडकं, पण चालतंय: तुमचे दुरुस्तीचे अनुभव

गंगाघाटकर

दसऱ्याची साफसफाई म्हणून काल माळ्यावर चढलो आणि कोपऱ्यात जुना निळा तंबू सापडला. उलगडला तर असा वास सुटला की बायकोने खालूनच विचारलं, "उंदीर मेलाय का?" उंदीर नव्हता. आतला वॉटरप्रूफ थर चिकट होऊन पापुद्र्यांनी सुटत होता. तंबू गेला म्हणून चडफडत होतो तेवढ्यात त्याची काठी हातात आली आणि २००९ चा डिसेंबर आठवला.

मी तेव्हा नाशकात अंबडच्या एमआयडीसीत ट्रेनी. हा तंबू एकाकडून आठशेला घेतला होता. "एक काठी जराशी चिरलीय," एवढंच तो बोलला. जराशी म्हणजे वीतभर उभी फाटलेली, फायबरचे तंतू बोटात घुसतील अशी. दुसरी काठी काही मिळेना. भद्रकालीत एका भंगारच्या दुकानाबाहेर जुन्या टीव्ही अँटेनाच्या ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा भारा पडला होता, तिथे सहज विचारलं. आतले चाचा म्हणाले, "आधी काठी आण." दुसऱ्या दिवशी नेली. त्यांनी चार-पाच नळ्या काठीवर सरकवून पाहिल्या. एक सैल, एक जाईचना, तिसरी बरोबर बसली. तिचा चार बोटांचा तुकडा करवतीने कापला आणि मग कितीतरी वेळ त्याच्या कडा कानशीने घासत बसले. मला घाई झालेली. म्हटलं चाचा राहू द्या, चालेल. तर म्हणाले, "काठी जुडेगी, पर ये धार तेरा कपडा फाडेगी." फाटलेल्या जागेवर नळी मधोमध आणून दोन्ही तोंडांना चिकटपट्टी गुंडाळली. पैसे दहा रुपये आणि एक चहा.

त्याच काठीवर अंजनेरीला तळ्याकाठी थंडीत रात्र काढली. वाऱ्याने तंबू अख्खी रात्र फडफडत होता, मी त्या नळीवर बॅटरी मारून मारून बघत होतो. काल पाहिलं तर नळी अजून जागच्या जागी आहे. चिकटपट्टीचा डिंक तेवढा वाळलाय.

तर तुम्हीही लिहा. ट्रेकचं सामान, सायकल, कॅमेरा, काहीही चालेल. कोणी काय सांगितलं, किती पैसे गेले, कुठे फसलात.

डोंगरवेडा

तो वास पीयू कोटिंगचा, म्हणजे आतल्या पॉलियुरेथेनच्या वॉटरप्रूफ थराचा. दमट घडी करून ठेवला की हेच होतं, त्याला औषध नाही. कोमट पाणी, साबण आणि मऊ ब्रश घेऊन सगळा थर काढून टाक, अर्धवट सोडलास तर वास राहतो. उरलेलं कापड गच्चीत सावलीला बांध.

बुटांचंही तसंच. माझे चांगले महागाचे बूट "मोठ्या ट्रेकला घालू" म्हणून चार वर्षं खोक्यात. हरिहर किल्ल्याला निघालो, पायथ्याच्या निरगुडपाड्यापासून अर्धा तास चाललो नाही तोच उजव्या पायाचा सोल शिळ्या केकसारखा भुगा होऊन मागे सांडायला लागला. दहा मिनिटांनी डावा. सॅकची दोरी कापून बूट बांधले आणि पायऱ्या न चढताच परत. शालिमारला रस्त्यावर बसणाऱ्या चर्मकार काकांनी बूट उलटा करून बोटाने दाबला आणि विचारलं, "किती वर्षं डब्यात होता?" म्हणजे त्यांना सगळं माहीत. मधला फोमचा थर पूर्ण खरवडून काढला, नवा रबरी सोल चिकटवला आणि वरून कडेने शिवला. साडेतीनशे रुपये. तीन पावसाळे झाले.

घरी चिकटवणार असाल तर दोन्ही बाजूंना फेव्हिकॉल एसआर लावा आणि लगेच दाबू नका. बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबा, दहा-पंधरा मिनिटं. सगळे इथेच घाई करतात आणि मग काकांना नावं ठेवतात.

अबोली

वाखूसा (वाचनखूण साठवली)

नाशिकरोडवाली

हे तुमच्या विषयात बसतं का माहीत नाही पण लिहिते. मिक्सर बंद पडला, चटणी अर्धी वाटलेली, पाहुणे दारात. दुकानात नेला तर म्हणाला ठेवून जा ताई, मोटर बघावी लागेल. संध्याकाळी ३५० रुपये घेतले. मला वाटलं काय मोठं काम केलं असेल. पुढच्या महिन्यात परत बंद! या वेळी भाचा आला होता, त्याने मिक्सर उलटा केला आणि खालचं लाल बटण दाबलं. चालू! जास्त लोड आला की ते बटण आपोआप बाहेर येतं म्हणे. जरा गार होऊ द्यायचं आणि दाबायचं. सासूबाई अजून सांगतात सगळ्यांना.

चहाबाज

ताई ते बटण नव्हे, त्या दुकानाची दानपेटी आहे 😂

नाशिकरोडवाली

हसा हसा. तुमच्या घरी बघा आधी कुठे आहे ते

चहाबाज

बघितलं. खरंच आहे. लग्नाला बारा वर्षं झाली.

छर्रे नऊ

२०१५ ला नाशिकच्या महाजन बंधूंनी रॅम, म्हणजे अमेरिका आडवी पार करायची ती सायकल शर्यत, पूर्ण केली आणि नाशकात जो तो सायकल घ्यायला निघाला, त्यात मीही. नवी परवडेना म्हणून गिअरवाली सेकंडहँड घेतली, सहा हजारांत. गिअर खटाखट उडायचे. एका दुकानात सांगितलं की चेन, फ्रीव्हील, पुढची चक्री सगळं बदला, पाच हजार. सायकल सहाची, दुरुस्ती पाचची!

ऑफिसात एक जुने सायकलवाले साहेब होते. ते म्हणाले पोराची फूटपट्टी घे. एका पिनेच्या मध्यावर शून्य धर आणि २४ पिना मोज. बरोबर बारा इंच भरले तर चेन ठीक. एक सोळांश इंच जास्त भरलं तर चेन गेली, बदल. एक अष्टमांश किंवा आणखी जास्त असेल तर फ्रीव्हीलचे दातेही खाल्ले गेले असणार. माझी बारा आणि एक अष्टमांशाच्या किंचित आत होती. फक्त चेन बदलली, काम झालं.

मग अंगात आलं आणि मागचं चाक उघडलं. बेअरिंगचे छर्रे रॉकेलमध्ये धुतले, ग्रीस भरलं. एका बाजूला नऊ, दुसऱ्या बाजूला आठ. आईला म्हटलं एक छर्रा हरवलाय, तर ती म्हणाली आधी माझ्या पेपरवरचं काळं पूस. नववा छर्रा गोदरेजच्या कपाटाखाली मिळाला, पण दिवाळीला. तोपर्यंत नवा डझन आणलेला. कुणाला पाव इंची छर्रे हवे असतील तर अकरा शिल्लक आहेत.

अबोली

अकरा कसे? नववा पण सापडला ना, मग बारा

छर्रे नऊ

बरोबर. बारा. हिशोब तुम्हीच ठेवा आता.

शिवणवाली मावशी

मोबाईलवर लिहितेय चुका समजून घ्या. २००८ चा पूर. सप्टेंबर, गणपती नुकतेच गेले होते. माझी शिवणाची खोली सराफ बाजाराच्या खालच्या अंगाला. आम्ही नाशिककर पाणी किती आलं ते गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून मोजतो, त्या दिवशी मोजायची वेळच आली नाही, पाणी थेट उंबऱ्यातून आत. कापड उचलून वर नेलं, पायमशीन जड, ते राहिलं. दोन दिवसांनी पाहिलं तर बॉबीनच्या जागी गाळ भरलेला, चाक हलेना. एक जण म्हणाला भंगारात द्या, पाचशे देतो.

शेजारचे मशीन दुरुस्तीवाले दादा म्हणाले, मावशी जोर करून चाक फिरवू नका, आतली रेती सगळं घासून टाकेल. आधी साध्या पाण्याने गाळ काढा, पुसून उन्हात ठेवा, मग रॉकेल. रात्रभर ठेवायचं, सकाळी दात घासायच्या ब्रशने साफ करायचं, परत रॉकेल. असं तीन दिवस केलं. चौथ्या दिवशी चाक अर्धा फेरा फिरलं तेव्हा मी रडले, खरं सांगते. मग प्रत्येक भोकात मशीनचं तेल. चामड्याचा पट्टा भिजून वाळून कडक झाला होता तो नवा घातला. बाकी काही नाही बदललं. दादांनी पैसे घेतले नाहीत, त्यांच्या मुलीचे दोन परकर शिवून दिले. मशीन आजही आहे. आवाज मात्र करते.

डोंगरवेडा

मावशी 🙏

पंचवटीचा

त्या पुरात आमच्या गल्लीत पण पाणी होतं. तीन दिवस लाईट नाही. आम्ही मुलं खूश होतो, शाळा बंद. आता लाज वाटते.

शिवणवाली मावशी

लाज कसली बाळा, मुलं ती मुलंच. तुमच्याकडे खिचडी कोणी वाटली होती का? आमच्याकडे आली होती, गरम गरम.

अंधारखोली

कॅमेऱ्याचं मी सांगतो. अडीच हजारात जुनी लेन्स घेतली, घरी येऊन मागून टॉर्च मारला तर आत कोळ्याचं जाळं. बुरशी. लेन्स विकत घेण्याआधी टॉर्च मारायचा असतो हे अडीच हजारांत शिकलो. उघडून साफ करून घेतली, जाळं गेलं, पण बुरशीने काचेवरचं कोटिंग खाल्लेलं ते काही येत नाही. एरवी फोटो छान, फक्त समोरून उजेड आला की धुरकट. रामकुंडावरच्या आरतीचे फोटो असे आलेत की लोक विचारतात धुकं होतं का. मे महिन्यात कसलं धुकं!

आता घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवतो. निळे दाणे गुलाबी झाले की ओल भरली समजायचं. लोखंडी तव्यावर मंद आचेवर परतले की पुन्हा निळे. तवा वेगळा ठेवा, त्यावर पोळ्या नकोत.

खडूस

सगळं कौतुक ठीक आहे. एक गोष्ट मात्र सेकंडहँड घेऊ नका आणि दुरुस्तही करू नका: क्लाइंबिंगचा दोर, कमरेला बांधायचा हार्नेस, हेल्मेट. नायलॉन नुसतं पडून पडूनही म्हातारं होतं. गाडीच्या डिकीत बॅटरीच्या ॲसिडची वाफ लागली तरी दोर कमजोर होतो आणि वरून काही दिसत नाही. जोरात आपटलेलं हेल्मेटही तसंच. चारशे रुपयांत दोर मिळतोय म्हणून माझा मित्र उड्या मारत होता. मी तो दोर त्याच्यासमोर कापला. वर्षभर बोलला नाही. आता त्याच दोरावर कपडे वाळत घालतो.

नाशिकरोडवाली

सॅकची चेन लावली की मागून उघडत जाते, काही उपाय? मुलाची शाळेची आहे, नवीन घ्यायची नाही

गंगाघाटकर

ताई, दाते शाबूत असतील तर बहुतेक रनर सैल झालाय. रनर चेनच्या सुरुवातीला आणा आणि पक्कडीने त्याच्या मागच्या दोन्ही कडा अगदी हलक्या दाबा. आधी डावी, मग उजवी. एकदम दाबलंत तर तुटेल. मग मेणबत्ती घासा. नाही जमलं तर बॅगवाल्याकडे नवा रनर टाकून मिळेल, अख्खी चेन बदला म्हणाला तर उठून या.

नाशिकरोडवाली

झालं!!! पहिल्यांदा जास्त दाबलं तर अडकलं, मग स्क्रूड्रायव्हरने जरा फाकवलं. मुलगा म्हणतो आई तू इंजिनिअर

पंचवटीचा

माझ्या हेडटॉर्चमध्ये सेल फुटून हिरवं-पांढरं साचलंय. फेकू का?

अंधारखोली

थांब. कानातल्या काडीला व्हिनेगर लावून पूस, फेसाळेल. मग कोरडं कर, सँडपेपरने पत्रा हलका घास. व्हिनेगर नसेल तर लिंबूही चालतं, पण नंतर ओल्या फडक्याने नीट पुसून काढ.

पंचवटीचा

लागला 😀 मंद आहे पण लागला. गंगाघाटकर काका, माझ्या तंबूचीही काठी फाटलीय. ती अँटेनाची नळी आता कुठे मिळेल?

गंगाघाटकर

भंगारात विचार. काठी सोबत ने, अंदाजाने आणू नकोस. कुणाच्या गच्चीवर जुना अँटेना असेल तर त्याला सांगा.

चहाबाज

आमच्या आहे. पण बाबा हात लावू देत नाहीत. त्याला पापड वाळवायच्या साडीची दोरी बांधलीय.