मदत हवी आहे: १९९८ ची जिप्सी किंग लेहला न्यायची आहे, कार्बोरेटर ठेवू की एमपीएफआय (कॉम्प्युटरवर चालणारं पेट्रोल इंजेक्शन) करू?

नमस्कार मंडळी,

गाडी मारुती जिप्सी किंग, १.३ लिटर, ८ व्हॉल्व्हची, कार्बोरेटरवाली (म्हणजे हवा-पेट्रोल कॉम्प्युटरशिवाय मिसळणारी). बाबांनी नवी घेतलेली, तेव्हापासून रत्नागिरीत आमच्याच दारात. री-पासिंग, ग्रीन टॅक्स, विमा सगळं वेळच्या वेळी भरलेलं. जूनअखेर बाबांना घेऊन मनालीमार्गे लेह करायचं आहे. दोघंच असू, त्यामुळे मागचा भाग सामानाला मोकळा. दिल्ली आणि एनसीआर टाळून जयपूर, बिकानेर, हनुमानगढ, भटिंडा असं वर जाणार, जुन्या पेट्रोल गाडीवरून वाटेत वाद नकोत.

गंजाचं काम झालंय. कोकणातल्या गाडीचं दुखणं तेच. ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट उचललं तर रंग शाबूत होता, पण स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं आणि ते आरपार गेलं. रंगाचा पापुद्रा तेवढा उरलेला, खाली पत्र्याचा भुगा. दोन्ही बाजूंचा फ्लोअर कापून नवा पत्रा वेल्ड केला, बॉडी माउंटची रबरं बदलली, चॅसीच्या पोकळ भागात आतून वॅक्स मारून घेतलं. टायमिंग बेल्ट बदलताना वॉटर पंपही नवा बसवला. रेडिएटर उघडून साफ केलाय.

आता खरी अडचण. ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल आल्यापासून गाडी बदलली आहे. सकाळी थंड असताना एकदम ॲक्सिलरेटर दिला की क्षणभर दम तोडते, मग उचलते. प्लग काढून बघितले तर पोर्सेलीन पांढरंफटक. पूर्वी हेच प्लग बिस्किटाच्या रंगाचे निघायचे. कारण समजतंय: शुद्ध पेट्रोलला किलोमागे साधारण १४.७ किलो हवा लागते, ई-२० ला १३.५ च्या आसपास. नव्या गाडीचा कॉम्प्युटर ते सांभाळून घेतो, माझ्या कार्बोरेटरचा जेट (पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक) मात्र १९९८ च्या पेट्रोलच्या मापाचा. आमचे मिस्त्री म्हणतात मेन जेट एक नंबर मोठा टाकू. इथे चालेलही. पण वाटेतली तंगलंग ला खिंड पाच हजार मीटरच्या वर आहे, तिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आत-बाहेर. मोठ्या जेटवर तिथे काळा धूर सोडत गाडी बसेल अशी भीती वाटते.

दुसरा सल्ला मिळाला तो सरळ १६ व्हॉल्व्हचं एमपीएफआय इंजिन टाकायचा. ताकद ६० वरून ८० बीएचपी होते हे मान्य. पण हे इंजिन पहिल्या दिवसापासूनचं आहे, कॉम्प्रेशन चारही सिलेंडरना सारखं मिळतंय, आणि बाबांना याचाच आवाज हवाय. त्यांच्या दृष्टीने इंजिन बदललं की गाडी बदलली. मलाही मनातून तसंच वाटतं.

आणखी एक. ६५-७० च्या स्पीडला खड्डा लागला की स्टीअरिंग थडथड हलायला लागतं, थेट ४० वर आणलं की थांबतं. व्हील बॅलन्सिंग, अलाइनमेंट, टाय रॉड एंड, स्टीअरिंग डॅम्पर सगळं झालं. एका वर्कशॉपने सांगितलं, "जिप्सीचं असंच असतं." मला हे पटत नाही. नवी होती तेव्हा असं करत नव्हती.

पाट्यांबद्दलही (लीफ स्प्रिंग) सांगा. बाबांच्या कमरेला चारही बाजूंचे कडक पाटे झेपणार नाहीत. जिप्सी म्हणजे बाहेरच्या देशांतली सामुराई, त्यामुळे तिचे पॅराबोलिक (कमी पानांचे, मऊ) पाटे इथे बसतात असं वाचलंय. कोणी बसवलेत का?

---

पान्हा_कोल्हापूर:

दादा, आधी ते स्टीअरिंग. असं हलत असताना गाडी तालुक्याच्याही बाहेर काढू नका. पुढचं चाक जॅकवर घ्या, एक हात वर, एक हात खाली धरून हलवा. खेळ लागला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर व्हील बेअरिंग. तरीही राहिला तर किंगपिनची (पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं तिची) बेअरिंग. माझा अंदाज किंगपिनचाच, कारण ती कोणी उघडत नाही. ग्रीस आटतं, बेअरिंगला खाचा पडतात, आणि मग डॅम्पर नवा घातला तरी तो दुखणं फक्त झाकतो. नवी बेअरिंग घालताना खालच्या शिम (पातळ चकत्या) बघून प्रीलोड (बेअरिंगवरचा ताण) स्प्रिंगकाट्याने मोजून घ्यायचा. "हाताला घट्ट लागतंय" एवढ्यावर सोडणाऱ्याकडे देऊ नका. नकलचं (चाक वळवणाऱ्या सांध्याचं) मोठं ऑइल सील त्याच वेळी बदला.

आता जेट. तुमची भीती बरोबर आहे, पण आकडे शेजारी ठेवून बघा. ई-२० मुळे मिक्सचर साधारण ८ टक्के लीन (पेट्रोल कमी) होतं. तंगलंग लाच्या उंचीवर कार्बोरेटर साधारण ३० टक्के रिच (पेट्रोल जास्त) होतो. म्हणजे वर गेल्यावर ई-२० तुमच्याच बाजूने आहे! खाली मोठा जेट टाका, राजस्थानच्या उन्हात लीन गाडी लोड घेऊन पळवू नका. मनालीत मुक्काम करायचाच आहे, तिथे कंपनीचा मूळ जेट परत बसवा. त्याहून एक लहान खिशात असू द्या. गॅस्केट जास्तीचं न्या, जुनं परत नीट बसेलच असं नाही. वर इग्निशन टायमिंग (ठिणगीची वेळ) दोन-तीन डिग्री ॲडव्हान्स केलं तर चढाला फरक पडतो. उतरून आल्यावर आठवणीने मागे घ्या, नाहीतर खाली नॉकिंग होईल.

एमपीएफआय वाईट नाही, हवेप्रमाणे पेट्रोल स्वतः कमी करतं. पण नुसतं इंजिन उचलून टाकून भागत नाही. ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), वायरिंग, हाय प्रेशर पंप, रिटर्न लाइन, आणि शेवटी आरसीवर नवा इंजिन नंबर चढवणं. तो चढला नाही तर विम्याचा क्लेम अडकला म्हणून समजा. कॉम्प्रेशन चांगलं असताना मी तरी हात लावणार नाही. बाबांचं ऐका.

---

सिंधूकाठ:

पेट्रोलच्या हिशोबाचं कोणी बोललं नाही. टाकी ४० लिटरची. मनाली-लेह रस्त्यावरच्या टांडीच्या पंपावरची पुढचा पंप ३६५ किमीवर असल्याची पाटी माहीत असेलच. रिच चालणारी जिप्सी वर लिटरला ८ द्यायला लागली तर टाकी ३२० किमीत संपते. दोन लोखंडी जेरीकॅन घ्याच, प्लास्टिकचे कॅन नकोत. आणि पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घालून घ्या. जुनी नळी आतून सुटते, तिचे काळे कण थेट कार्बोरेटरच्या फ्लोट नीडलमध्ये (पेट्रोल आत सोडणारी सुई) अडकतात आणि ओव्हरफ्लो सुरू होतो. पेट्रोल पंपाच्या डायफ्रामचंही तेच, एक जादा पंप सोबत ठेवा.

पॅराबोलिक पाटे मी बसवलेत. बसणाऱ्याला फरक नक्की जाणवतो, पण त्याबरोबर शॉकॲब्जॉर्बर चांगले हवेत, नाहीतर गाडी झुलत राहते. खर्च झेपत नसेल तर शॅकलचे (पाट्याच्या टोकाच्या झुलत्या कडीचे) बुश नवे घाला, पानांमधला गंज काढून ग्रीस करा आणि टायरची हवा कमी ठेवून बघा. गंजलेली पानं एकमेकांवर सरकत नाहीत, निम्मा कडकपणा तिथेच असतो. ट्रान्सफर केसची (फोर-व्हील ड्राइव्हच्या गिअरपेटीची) तिन्ही माउंटिंगही बघा, फाटली असतील तर थरथर तिकडूनही येते.

---

धागाकर्ता:

पान्हादादा, तुम्ही सांगितलं तसं आज दोन्ही चाकं तपासली. डावीकडे ब्रेक दाबूनही खेळ राहतोय, उजवीकडे काही नाही. म्हणजे किंगपिनच. बेअरिंग दोन्ही बाजूंची मागवतोय. इंजिन आहे तेच राहणार, जेटचंही तुम्ही सांगितलंत तसंच करतो. बाबांना वाचून दाखवलं, खूश आहेत.

सिंधूकाठ, नळ्यांचं काम याच आठवड्यात लावतो. पाट्यांची पानं आधी उघडून साफ करून बघतो, मग पॅराबोलिकचं ठरवतो.

आता एवढंच सांगा: रत्नागिरी, चिपळूण किंवा कोल्हापूर पट्ट्यात स्प्रिंगकाटा लावून प्रीलोड धरणारे कोणी मिस्त्री माहीत आहेत का? नाव इथे नको, व्यक्तिगत निरोप टाका. गाडी ट्रेलरवर टाकून आणायचीही तयारी आहे.