मदत हवी आहे: ठासणीच्या जुन्या दुनळीवरचा गंज, दमास्कस नळ्यांची नक्षी न घालवता कसा काढावा?

नमस्कार मंडळी,

मी बर्मिंगहॅमजवळ राहतो. इथल्या लिलावात केपाची, ठासणीची दुनळी शिकारी बंदूक घेतली आहे, म्हणजे दारू-छरे तोंडातून ठासायचे आणि केप (घोडा आपटला की ठिणगी देणारी छोटी टोपी) लावून उडवायची. 14 बोअरची, म्हणजे नळीच्या मापाच्या शिशाच्या 14 गोळ्यांचं वजन एक पौंड. वापरायची नाही, जपायची आहे. गज आत सोडून तोंडाशी खूण केली आणि तोच गज बाहेरून नळीला लावून पाहिला. टोक निपलच्या (केप बसवायच्या बारीक नळीच्या) जवळ पोचतं, त्यामुळे दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत.

अडचण नळ्यांची, त्या दमास्कस पद्धतीच्या आहेत. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या तापवून पिळायच्या, सळईभोवती गुंडाळून ठोकून जोडायच्या, मग मुद्दाम गंज चढवून घासायच्या. दोन्ही धातू सारखे गंजत नाहीत, म्हणून ही तपकिरी वेलबुट्टी उठते. कारागिराने चढवलेला तो गंज मला हवा आहे, नंतर धरलेला नको. उजव्या निपलभोवती लालसर भुकटी आणि बारीक खड्डे आहेत. केपातल्या क्षारांनी तिथे गंज लवकर धरतो, हे माहीत आहे. एका दुकानदाराने नळ्या बफ करून चकचकीत करून देतो म्हटलं. मी साफ नकार दिला, तो रंग एकदा गेला की मूळचा परत येत नाही.

तर प्रश्न असे. तेल आणि 0000 नंबरची (अगदी बारीक) स्टील वूल हलक्या हाताने वापरली तर मूळचा थर टिकेल का, की फक्त तेल आणि कापड बरं? निपल जाम आहे. तेलात किती दिवस मुरू द्यावं, आणि मापाची किल्ली इथे कुठे मिळेल? शेवटी मेण लावायचं तर रेनेसाँ वॅक्स चालेल ना?

दुसरी शंका. दोन नळ्यांमधल्या पट्टीवर 'लंडन' कोरलंय, पण नळ्यांखाली मुकुट आणि तिरके राजदंड, म्हणजे बर्मिंगहॅम प्रूफ हाउसचा (जिथे नळ्यांची मजबुती तपासून छाप मारत) 1813 ते 1904 मधला छाप. बर्मिंगहॅममध्ये नळी एकाची, घोड्याचं यंत्र दुसऱ्याचं, दस्ता तिसऱ्याचा, अशी कामं वाटलेली असत आणि तिथला माल लंडनच्या नावाने विकला जाई. ही तशीच असावी का? काडतुसाच्या बंदुकांनी 1850-60 च्या दशकांत हिची जागा घेतली, म्हणून माझा अंदाज 1830 ते 1855.

काम मात्र अव्वल आहे. अक्रोडाच्या दस्त्यात लॉकप्लेट (घोड्याच्या यंत्राची पट्टी) अशी बसवलीय की कडेला नखही शिरत नाही. घोड्यांवरची कोरीव पानं अजून बोटाला लागतात.

हाताळलेल्या कुणीही जरूर लिहा. फोटो हवे असतील तर सांगा, छापांचे जवळून काढून टाकतो.