मेडिकल कौन्सिलच्या सुनावणीचा अनुभव कुणाला आहे का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. गेल्या वर्षी आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, त्यात गुंतागुंत झाली. ती आता बरी आहे. पण घरी सोडताना डॉक्टरांनी आम्हाला काहीच सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दवाखान्यात गेल्यावर कळलं. भरपाई नकोय, ती कौन्सिल देतही नाही, त्यासाठी ग्राहक आयोग आहे (तिथली दोन वर्षांची मुदत डोक्यात आहे). मला महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे (राज्यातल्या डॉक्टरांची नोंदणी ठेवणारी संस्था) तक्रार करायची आहे. दोष ठरला तर डॉक्टरांना ताकीद मिळते किंवा त्या नोंदवहीतून काही काळासाठी नाव काढलं जातं, एवढं वाचलंय.

अडलंय ते कागदपत्रांवर. डॉक्टरांच्या वर्तनाबद्दलच्या २००२ च्या नियमावलीप्रमाणे रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत रेकॉर्ड द्यायला हवं. मी तोंडी तीनदा मागितलं, हातात पडलं फक्त डिस्चार्ज कार्ड! ऑपरेशनची नोंद आणि संमतिपत्र नाहीच. आता रजिस्टर्ड पोस्टाने लेखी मागावं म्हणते. तो नकारच तक्रारीत वेगळा मुद्दा म्हणून घालता येतो का?

शिवाय, सुनावणीला आईला स्वतः यावं लागेल का? ती ७१ वर्षांची आहे, डॉक्टरांसमोर बसायच्या कल्पनेनेच घाबरते. दुसऱ्या सर्जनचं लेखी मत आधीच जोडलेलं बरं की कौन्सिल मागेल तेव्हा? २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात पुढच्या अपिलाची तरतूद डॉक्टरांसाठीच लिहिलेली दिसते, म्हणून पहिलाच अर्ज नीट जायला हवा.

कृपया डॉक्टरांचं नाव विचारू नका.