१०० वॅटवर गेलं की माइक ओठाला चटका देतो, यूएसबी तुटते: फीडलाइनवरचा आरएफ कसा थांबवू?

चावीवरचा_हात

नमस्कार मंडळी. माझ्या हॅम रेडिओवर अँटेनाच्या केबलवरून (फीडलाइन) रेडिओचा प्रवाह (आरएफ) खोलीत परततोय. गेले दोन महिने या त्रासाने हैराण आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

अँटेना ४० मीटर बँडचा (सुमारे ७ मेगाहर्ट्झ) इन्व्हर्टेड व्ही, म्हणजे मध्य उंच आणि दोन्ही हात खाली उतरते असा डायपोल. मधलं टोक साधारण ९ मीटर उंच. तिथून आरजी-५८ ची १४ मीटर कोअॅक्स केबल (आत तार, भोवती जाळी) थेट पहिल्या मजल्यावरच्या शॅकमध्ये, म्हणजे रेडिओच्या खोलीत येते. मध्यावर बॅलन (सममित अँटेना आणि कोअॅक्स यांचा मेळ घालणारा भाग) वगैरे काही नाही; आतली तार एका हाताला, जाळी दुसऱ्या हाताला, सरळ सोल्डर केलेली. रिगच्या (पाठवणारा-ऐकणारा रेडिओ संच) मागून अर्थची एक जाड तार खाली जमिनीतल्या रॉडपर्यंत जाते, ती सुमारे ७ मीटर.

२० वॅटपर्यंत सगळं शांत. ६० च्या पुढे गेलं की संगणकातून रिगचं साउंड कार्ड नाहीसं होतं, एसएसबीवर (आवाजाचं प्रसारण) समोरचे म्हणतात आवाज गुरगुरतोय, आणि माइकच्या धातूच्या जाळीला ओठ लागला तर बारीक चटका बसतो. एसडब्ल्यूआर (अँटेना किती जुळते त्याचं माप, १ म्हणजे उत्तम) १.४ दाखवतो, पण रिगवर हात ठेवला की १.८. ऐकतानाही खरखर रिगच्या सिग्नल मीटरवर (एस मीटर) एस-६ च्या खाली उतरत नाही.

रिगजवळ केबलवर सहा फेराइट क्लिपा लावून पाहिल्या, काडीचा फरक नाही. अर्थची तार आणखी जाड केली, तरी तेच.

तयार बॅलन घेऊ, केबलच गुंडाळू, की फेराइटची रिंग आणून चोक (जाळीवरचा प्रवाह अडवणारा भाग) करू? करायचा तर कुठली रिंग, किती वेढे, आणि लावायचा कुठे?

तारवाटा

ताई, तुम्ही लांब्या लिहिल्यात हे फार बरं केलंत. उत्तर त्यातच आहे.

कोअॅक्सला आपण दोन तारा समजतो, पण आरएफच्या दृष्टीने त्या तीन असतात. आतली तार, जाळीची आतली बाजू आणि जाळीची बाहेरची बाजू. ७ मेगाहर्ट्झला तांब्यात प्रवाह पृष्ठभागापासून जेमतेम २५ मायक्रोमीटर खोल जातो, त्यामुळे जाळीच्या आतल्या आणि बाहेरच्या अंगावरचे प्रवाह एकमेकांना ओळखतही नाहीत. केबलच्या आत सगळं ठीक चाललेलं असतं. गडबड होते वर, डायपोलच्या मध्यावर, केबल जिथे जोडली आहे त्या फीडपॉइंटवर. जाळीच्या आतून आलेल्या प्रवाहाला तिथे दोन वाटा फुटतात: एक डायपोलचा हात, दुसरी जाळीच्या बाहेरून खाली, थेट तुमच्या टेबलापर्यंत. जिकडे विरोध कमी, तिकडे जास्त प्रवाह. म्हणजे तुमच्या डायपोलला तिसरा हात आहे आणि त्याच्या टोकाला तुम्ही माइक धरून बसलाय.

आता तुमचे आकडे. १४ मीटर केबल आणि ७ मीटर अर्थची तार, एकूण २१ मीटर. ७.१ मेगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे ४२ मीटर, म्हणजे वरपासून जमिनीपर्यंतची ही वाट जवळजवळ बरोबर अर्धा तरंग आहे. इथे केबलचा वेलॉसिटी फॅक्टर (लहर केबलमध्ये किती मंदावते तो आकडा) ०.६६ धरायचा नाही हं. तो आतल्या प्रवाहासाठी. बाहेरच्या प्रवाहाला जाळी साध्या तारेसारखीच, फक्त वरच्या प्लास्टिकमुळे किंचित मंद.

अर्ध्या तरंगाचं एक टोक जमिनीला जोडलं की दुसऱ्या टोकालाही कमीच विरोध दिसतो. म्हणून तुमच्या फीडपॉइंटवरून प्रवाह आनंदाने खाली येतोय. व्होल्टेज सगळ्यात जास्त कुठे? जमिनीपासून पाव तरंगावर, म्हणजे साडेदहा मीटरवर. तुमची रिग सातव्या मीटरवर आहे, शिखरापासून फार लांब नाही. ओठाला चटका त्याचाच. घरातल्या वायरिंगची अर्थही रिगला समांतर जोडलेली असणार, त्यामुळे प्रत्यक्ष आकडे थोडे सरकतील, पण चित्र हेच.

क्लिपा का चालल्या नाहीत तेही यातूनच कळतं. जिथे व्होल्टेज जास्त आणि प्रवाह कमी, तिथेच तुम्ही अडथळा टाकलात. त्यातून एक क्लिप म्हणजे एकच वेढा. ७ मेगाहर्ट्झला एकेकीकडून पन्नासेक ओहम मिळाले तरी पुष्कळ. चोक वर हवा, फीडपॉइंटलाच, दोन वाटा फुटतात त्या जागी.

गुंडाळी

रिंग शोधत बसण्याआधी केबलचे ८ वेढे घ्या, १५-२० सेंमी व्यासाचे, आणि फीडपॉइंटखाली टेपने बांधून टाका. मी २० मीटरच्या डायपोलला अनेक वर्षं असंच वापरतोय. माइक कधी चावला नाही.

तारवाटा

@गुंडाळी, तुमच्याकडे चालतंय यावर माझा पूर्ण विश्वास आहे. तरी ताईंना मी तो सल्ला देणार नाही, कारण तो एका जागी चालतो म्हणून दुसऱ्या जागी चालेल याची खात्री नसते.

हवेतली गुंडाळी म्हणजे शुद्ध इंडक्टन्स. जाळीची बाहेरची वाट लांबीनुसार कधी इंडक्टिव्ह दिसते, कधी कपॅसिटिव्ह. ती कपॅसिटिव्ह असेल तर तुमची गुंडाळी तिच्याशी जुळते, दोघांचा रिअॅक्टन्स (कॉइल आणि कपॅसिटरचा उलटसुलट विरोध) एकमेकांना खोडतो आणि प्रवाह कमी व्हायच्या ऐवजी वाढतो. मोठा चोक लावूनही त्रास वाढल्याची उदाहरणं असतात, त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं. शिवाय वेढ्यांमधल्या कपॅसिटन्समुळे गुंडाळी स्वतः एकाच अरुंद पट्ट्यात जोरदार अडवते, बाकी बँडांवर फारसं नाही.

फेराइटचा चोक नीट निवडला तर त्याचा विरोध मुख्यतः रेझिस्टिव्ह असतो. रेझिस्टन्सला कुणी खोडू शकत नाही. माझ्या मते निवडीचा खरा निकष हा एवढाच आहे. बाकी सगळं तपशिलाचं काम.

मापनपेटी

+१. रिंगबद्दल थोडं मी लिहितो.

४० मीटरसाठी ३१ नंबरचं मिक्स (फेराइटचा प्रकार) घ्या, बाहेरचा व्यास ६१ मिमी, म्हणजे एफटी-२४०-३१. ८० आणि ४० ला ते फार छान. २० लाही चालतं. फक्त २० ते १० मीटर करायचं असेल तर ४३ किंवा ५२ चा विचार करा. एका ३१ च्या रिंगवर आरजी-५८ चे १२ वेढे घेतले की ४० मीटरवर काही हजार ओहम मिळतात. पूर्वी लोक केबलच्या ५० ओहमच्या दहापट, म्हणजे ५०० ओहम पुरे म्हणायचे. डायपोल अगदी सममित असेल तर ते निभतं. पण एक हात भिंतीजवळ, दुसरा झाडात, अशी स्थिती असेल तर ५००० च्या आसपास जा.

वेढे मोजताना केबल भोकातून जितक्या वेळा जाते तितके वेढे. विरोध वेढ्यांच्या वर्गाने वाढतो, म्हणून एकाच क्लिपमधून केबल तीनदा नेली तर जवळपास नऊ क्लिपांचं काम होतं. पण वेढे वाढवत नेले की रेझोनन्स खाली सरकतो आणि वरचे बँड कमकुवत होतात. १२ ऐवजी १८ घेतले म्हणून चोक जास्त चांगला झाला असं मुळीच नाही. तो १६० आणि ८० चा चोक झाला.

तयार बॅलन घेणार असाल तर १:१ करंट बॅलनच घ्या. गुस्ताव ग्वानेला यांनी १९४४ साली मांडलेली रचना ती हीच. कोअॅक्स रिंगवर गुंडाळला की तोच बॅलन, तोच चोक. व्होल्टेज बॅलन हा वेगळा प्राणी. तो दोन्ही हातांना सारखं व्होल्टेज देतो, जाळीवरचा प्रवाह अडवत नाही.

चावीवरचा_हात

इतकं समजावून कुणी सांगितलं नव्हतं, मनापासून आभार. तीन शंका. माझ्याकडे एक जुनी लाल रंगाची मोठी रिंग आहे, ती चालेल? आरजी-५८ एवढी वाकवली तर बिघडणार नाही का? आणि १०० वॅटला रिंग सॅच्युरेट होईल का, म्हणजे चुंबकीयदृष्ट्या तुडुंब भरून निकामी?

मापनपेटी

लाल रिंग बहुतेक आयर्न पावडरची, दोन नंबरची. ट्यूनरच्या कॉइलला उत्तम, चोकला निरुपयोगी. खात्री करायची तर तिच्यावर साध्या तारेचे १० वेढे घ्या आणि एलसी मीटरवर मोजा. टी-२००-२ असेल तर १.२ मायक्रोहेन्रीच्या आसपास दिसेल. त्याच मापाच्या ४३ च्या फेराइटवर तेच १० वेढे १०० च्या वर जातात, ३१ वर आणखी जास्त. ३१ आणि ४३ नजरेने वेगळे ओळखता येत नाहीत, दोन्ही काळपट राखाडी. म्हणून आणल्याआणल्या लेबल लावून ठेवा.

वाकवण्याबद्दल काळजी रास्त आहे. केबल रिंगला घट्ट आवळू नका. पाच सेंमी व्यासाचे सैल वेढे ठेवा, जवळपास दोन मीटर केबल लागेल. फोम डायलेक्ट्रिकची (आत फोमचं इन्सुलेशन असलेली) केबल यासाठी वापरू नका, उन्हात मऊ पडली की आतली तार सरकते आणि एक दिवस जाळीला टेकते. टेफ्लॉनची आरजी-४०० मिळाली तर सर्वोत्तम. पहिला आणि शेवटचा वेढा एकमेकांपासून लांब ठेवा, नाहीतर त्यांच्यातला कपॅसिटन्स चोकला बगल देतो.

सॅच्युरेशनची भीती सोडा. केबलच्या आतले दोन प्रवाह सारखे आणि उलटे, त्यांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना मिटवतात. फेराइटला तुमचे १०० वॅट दिसतच नाहीत. त्याला दिसतो तो फक्त बाहेरचा प्रवाह.

रात्रीचा_बँड

एक कळकळीची विनंती. अर्थची तार काम करत नाही असं वाचून कुणी ती काढून टाकू नका. वीजसुरक्षा आणि आकाशातली वीज यांसाठी ती हवीच. आरएफसाठी मात्र ७ मीटरची तार ४० मीटर बँडवर अर्थ नसतेच, ती शेकडो ओहमची कॉइल असते. जाडी वाढवून त्यात जवळपास काही बदलत नाही, लांबीच सगळं ठरवते. त्यापेक्षा रिग, पॉवर सप्लाय, ट्यूनर आणि संगणक यांची खोकी आखूड, जाड पट्टीने एकमेकांना जोडा. सगळ्यांवर सारखंच व्होल्टेज असेल तर यूएसबीच्या तारेतून प्रवाह वाहायचं कारण उरत नाही.

खरखरीकडेही बघा. तीच वाट उलटीही चालते. चार्जरची घाण जाळीच्या बाहेरून वर जाते आणि फीडपॉइंटवर आत शिरते. रिग बॅटरीवर लावून एकेक चार्जर काढत जा, एस मीटर बघत राहा. जो दोषी सापडेल त्याच्या तारेवर ३१ ची क्लिप, तारेचे जमतील तितके वेढे घेऊन.

मापनपेटी

वर चढवण्याआधी चोक टेबलावर मोजा. व्हीएनएच्या (आरएफ मोजणारं यंत्र) दोन पोर्टांमध्ये चोकची फक्त जाळी जोडा, या टोकापासून त्या टोकापर्यंत, जोडतारा अगदी आखूड. एस-२१ बघा, म्हणजे एका पोर्टातून दुसऱ्यात किती पोचतं ते (एस मीटरशी याचा संबंध नाही). विरोध रेझिस्टिव्ह असेल तिथे उणे ३० डीबी म्हणजे साधारण ३००० ओहम, उणे ३४ म्हणजे ५०००, उणे ४० म्हणजे जवळजवळ १०,०००.

आणि केबलवरचा प्रवाह बघायला एक छोटं साधन करा: क्लिप फेराइटवर बारीक तारेचे १० वेढे, त्याला समांतर ५० ओहमचा रेझिस्टर, एक डायोड, एक छोटा कपॅसिटर आणि मायक्रोअँपिअर मीटर. १० वॅट सोडून केबलवर सरकवत न्या. काटा जिथे चढतो आणि पडतो तिथे तुमचा तिसरा हात डोळ्यांना दिसतो. कॅलिब्रेशन नको, आधी किती होता आणि नंतर किती, एवढंच हवं.

टोकाचा_तंतू

एण्ड-फेड हाफवेव्ह (एका टोकाला केबल जोडलेली अर्ध्या तरंगाची तार) वापरणाऱ्यांनी हे जसंच्या तसं उचलू नये. ४९:१ ट्रान्सफॉर्मरला परतीची वाट लागतेच आणि बहुतेक वेळा केबलची जाळीच ती वाट असते. ट्रान्सफॉर्मरला चिकटून चोक लावला तर ती तोडली जाते. एकतर छोटी काउंटरपॉइज (परतीच्या प्रवाहासाठी वेगळी तार) लावा, किंवा तरंगलांबीच्या ०.०५ पट केबल मोकळी सोडून मग चोक लावा. ४० मीटरला ती दोनेक मीटर होते.

चावीवरचा_हात

तीन आठवड्यांनी लिहितेय, उशिराबद्दल माफी.

एफटी-२४०-३१, आरजी-५८ चे १२ सैल वेढे. टेबलावर ७.१ ला एस-२१ उणे ३३ आला. चोक खोक्यात घालून फीडपॉइंटला लावला, केबलचा ताण दोरीवर घेतला. त्याआधी आणि नंतर १० वॅटवर मीटर फिरवला: वरच्या मीटरभरात काटा आधी अर्ध्यावर जायचा, आता जेमतेम हलतो.

मजा म्हणजे एसडब्ल्यूआर आधी बिघडला! १.४ चा १.९. मग लक्षात आलं, केबल अँटेनाचा भाग होती आणि मी त्या सगळ्या गोतावळ्यासकट तार कापली होती. दोन्ही हात थोडे वाढवले, आता १.३ आहे आणि रिगवर हात ठेवला तरी तिथेच राहतो. १०० वॅटवर माइक शांत, साउंड कार्ड टिकून.

खरखर मात्र लगेच गेली नाही. केबल एका हाताच्या खालून जवळजवळ समांतर येत होती, ती ओढून काटकोनात आणली आणि भिंतीतून आत शिरते तिथे दुसरा चोक टाकला. लॅपटॉपचा चार्जर मुख्य दोषी निघाला, त्याच्या तारेवरही रिंग घातली. आता एस-६ वरून एस-३ आणि रात्री एस-४. काल पहिल्यांदाच अगदी दबलेली सीडब्ल्यू (मोर्स) हेडफोनमध्ये उलगडली, फार बरं वाटलं.

एकच राहिलं. एफटी-८ वर (संगणकावरून चालणारी डिजिटल पद्धत) लांब सत्र केलं तर चोक तापेल का?

तारवाटा

वा ताई! काटा हलत नाही म्हणजे चोकमधून प्रवाहच नगण्य, मग तापणार कशाने. तरी एकदा पडताळा. पंधरा मिनिटं एफटी-८ चालवा, ट्रान्समिट पूर्ण बंद करून अँटेना खाली उतरवा आणि रिंगला हात लावा. कोमट असेल तर विसरून जा. हात ठेववत नसेल तर वेढे वाढवू नका, तसाच दुसरा चोक त्याच्या खाली मालिकेत जोडा. विरोध दुप्पट झाला की प्रवाह निम्मा होतो आणि उष्णता दोन रिंगांत वाटली जाते.