लो-कार्बमध्ये फॅटचा आकडा रोज गाठायलाच हवा का?

प्रश्न
मी कार्ब, म्हणजे कर्बोदकं, रोज 25 ग्रॅमच्या आत ठेवते. सुरुवातीला वजन भराभर उतरलं, आता मात्र 78 किलोवर अडलंय. 65 पर्यंत यायचंय. अ‍ॅपने 130 ग्रॅम फॅटचं लक्ष्य दिलंय आणि रात्रीच्या जेवणानंतर बघावं तर पंचवीस-तीस ग्रॅम कमीच पडलेले असतात. मग भूक नसतानाही कॉफीत दोन मोठे चमचे लोणी घालून पिते. फॅट कमी पडलं तर चरबी जळायची थांबते, असं मला सांगितलं गेलं. खरंच असं असतं का? तपासण्या नॉर्मल आहेत, कुठलंही औषध चालू नाही.

उत्तर 1
नका पिऊ ते लोणी. कार्बची मर्यादा पाळायची, प्रोटीन पुरं करायचं आणि फॅट भुकेपुरतं खायचं. तो 130 चा आकडा म्हणजे कमाल मर्यादा समजा. तिच्या खाली राहिलात तर उरलेली ऊर्जा शरीर स्वतःच्या चरबीतून घेतं, आणि त्यासाठीच तर हा सगळा खटाटोप चाललाय ना! कीटोन, म्हणजे कार्ब कमी असताना शरीर चरबीपासून बनवतं ते इंधन, अंगावरच्या चरबीपासूनही तयार होतात, त्यासाठी वरून लोणी ओतावं लागत नाही.

एक ग्रॅम फॅट म्हणजे 9 कॅलरी. तीस ग्रॅम भुकेशिवाय पोटात गेलं की 270 कॅलरी झाल्या. प्रोटीन मात्र कमी करू नका, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झडतात. 65 किलोच्या हिशेबाने दर किलोला 1.2 ते 1.6 ग्रॅम धरा, म्हणजे रोज साधारण 80 ते 100 ग्रॅम.

कपात करायची ती ओतलेल्या आणि प्यायलेल्या फॅटमध्ये. अंडी, मासे यांतलं फॅट राहू द्या, त्यांच्यासोबत प्रोटीन येतं आणि पोटही भरतं. तेलाचं मोजमाप डोळ्यांनी कधीच जमत नाही. बाटली स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा, काटा शून्य करा, कढईत तेल घाला आणि बाटली परत ठेवा. उणे जेवढे ग्रॅम दिसतील तेवढं तेल गेलं. एका मोठ्या चमच्यात 14 ग्रॅमच्या आसपास तेल मावतं, म्हणजे जवळजवळ 120 कॅलरी. बदाम, चीजही येताजाता तोंडात टाकू नका, वजन करून ताटलीत घ्या.

उत्तर 2
वरच्या उत्तराशी सहमत. फॅटचं प्रमाण मुद्दाम खूप वाढवलेला कीटो आहार 1921 मध्ये अपस्मारावर (फिट येण्याच्या आजारावर) उपचार म्हणून पुढे आला. तिथे कीटोनची पातळी चढी ठेवणं हाच उद्देश असतो. तुमचा उद्देश वेगळा आहे, त्यामुळे तिथली प्रमाणं तुम्हाला लागू नाहीत.

उत्तर 3
एवढं सांभाळा, की फॅट एकदम तळाला नेऊ नका. कार्बही नाही आणि फॅटही नाही, असं केलं तर थकवा येतो, भूक खवळते आणि सगळंच सुटतं. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं शोषली जायलाही फॅट लागतं. शिवाय फार कमी फॅट खाऊन वजन झपाट्याने उतरवलं तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. आधी 100 ग्रॅमवर या आणि दोन-तीन आठवडे बघा. हा धागा वाचणाऱ्या कुणाला मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील, तर कार्ब कमी करण्याआधीच डॉक्टरांशी बोला, कारण डोस बदलावा लागू शकतो.

प्रश्नकर्ती
मनापासून आभार. आजपासून कॉफी काळीच. अजून एक विचारते : पाळीच्या आधी काटा किलोभर वर जातो, तेव्हा फॅट आणखी कमी करायचं का?

उत्तर 1
अजिबात नको, ते बहुतेक पाणी असतं. रोज सकाळी वजन करा, पण तुलना आठवड्याच्या सरासरीची करा, आणि तीही मागच्या पाळीतल्या त्याच आठवड्याशी. कमरेचं माप टेपने घेऊन शेजारी लिहीत चला.